मागच्या रांगेतले म्हातारे आणि गोफणवाले

गेल्या अंकात संपादकांनी ‘आमच्या घरातला खेळ’ या विषयावर चार ओळी लिहून पाठवा असे आवाहन केले, तेव्हा पत्ते, कॅरम, सापशिडी आणि सागरगोटे यांवरच बहुतेकांचे लेख येणार हे आम्ही ताडले. बदाम-सात आमच्याही घरी होतो. पण खरे सांगायचे तर आमच्या घरातला सर्वांत जास्त वेळ, सर्वांत जास्त वीज आणि सर्वांत जास्त भांडणे ज्या खेळापायी खर्ची पडली तो संगणकावरचा लढाईचा खेळ. तेव्हा त्याबद्दलच लिहितो. हा मजकूर आम्ही दोघांनी आळीपाळीने पेन धरून लिहिला आहे, म्हणून ‘आम्ही’. जिथे आमच्यातल्या एकाचेच काही असेल तिथे चिरंजीवांच्या भाषेत ‘आई’ किंवा ‘बाबा’ असे लिहिले आहे.

खेळाचे नाव ‘रोम: टोटल वॉर’. तो २००४ साली आला. समोर भूमध्य समुद्राचा नकाशा, त्यावर तुमचे राज्य, तुमची गावे, तुमचे सैन्य. पाळी आली की सैन्य हलवायचे, आणि दोन सैन्ये भिडली की पडद्यावर प्रत्यक्ष लढाई उभी राहते. पण आमच्या घरात चालायचा तो हा मूळ खेळ नव्हे. मूळ खेळात टॉलेमी राजांच्या इजिप्तचे सैन्य हजार वर्षांपूर्वीच्या फेरोंच्या सैन्यासारखे दाखवले होते, अशा चुका पाहून इतिहासवेड्या मंडळींचे डोके फिरले. देशोदेशीच्या अशा हौशी लोकांनी मिळून तोच खेळ आतून पार बदलला. त्याला मॉड म्हणतात. त्यांच्या मॉडचे नाव ‘युरोपा बार्बारोरम’. काम सगळे फुकट, रात्री जागून आणि आपापसात वाद घालत. थोडक्यात, आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवासारखे.

या मॉडमध्ये गोष्ट सुरू होते इसवी सनापूर्वी २७२ मध्ये. एका वर्षाच्या चार पाळ्या, ऋतूंप्रमाणे. आणि विशेष म्हणजे प्रत्येक पलटणीचे नाव तिच्या स्वतःच्या भाषेत. रोमन लोक लॅटिनमध्ये ओरडतात, ग्रीक ग्रीकमध्ये. प्रत्येक पलटणीच्या चित्रामागे पानभर माहिती: हे लोक कोण, कुठले, शस्त्र कोणते, पैसे कोण देत असे, शेवटी कुठे मारले गेले.

हे सगळे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. आधी कळले ते एवढेच, की २००८ च्या फेब्रुवारीत, चिरंजीवांची परीक्षा तोंडावर आलेली असताना, रात्री दोन वाजता त्याच्या खोलीतून तलवारींचा आवाज येतो.

बाबांनी काय केले ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. ते उठले, संगणकाची वायर काढली, खाली आले आणि ती स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून टाकली. वर जाताना बोलले ते वेगळेच. तुझे आजोबा कंदिलाच्या उजेडात शिकले, आम्ही दोन बॅगा घेऊन या देशात आलो, आणि तू इथे खोटी माणसे मारत बसतोस, असे काहीबाही. मुलगा काही बोलला नाही. त्या रात्री नाही आणि पुढचे तीन आठवडे नाही. म्हणजे बोलायचा, पण ‘यस’, ‘नो’, ‘फाइन’. मराठी तर पूर्णच बंद. मुळात त्याचे मराठी तोकडे होते, आम्ही बोलायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. पण ‘आई, भूक लागली’ एवढे तरी असायचे. तेही गेले. जेवण झाले की ताट सिंकमध्ये आणि पावले जिन्यावर. घरात तिघे जण आणि आवाज फक्त टीव्हीचा.

मग शाळेत पालकांची संध्याकाळ झाली. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, तुमच्या मुलाने स्वतःहून चार पाने लिहून आणली आहेत, अभ्यासक्रमात नसलेल्या एका लढाईवर. त्याला हे कुणी शिकवले? आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. ती लढाई होती तेलामोनची, इसवी सनापूर्वी २२५ मधली. इटलीच्या किनाऱ्यावर गॉल लोक दोन रोमन सैन्यांच्या मधे सापडले. त्यांच्यात आल्प्सपलीकडून भाड्याने आलेले गेसाते नावाचे योद्धे होते. ते सगळे कपडे उतरवून, फक्त शस्त्रे घेऊन, सैन्याच्या पुढे उभे राहिले. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की एक तर हा त्यांचा तोरा, आणि दुसरे म्हणजे झुडपाकाट्यांत कपडे अडकू नयेत. रोमनांनी जवळ न जाता लांबूनच भाले फेकले. गॉलांची ढाल सगळे अंग झाकण्याइतकी मोठी नव्हती. त्यामुळे सर्वांत उंच आणि सर्वांत शूर माणसे सर्वांत आधी पडली.

चार पानांच्या शेवटी मुलाने लिहिले होते की शौर्य म्हणजे काय हे गेसात्यांना ठाऊक होते, पण समोरचा लांबून मारणार आहे हे ठाऊक नव्हते. गाडीत बसल्यावर बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. लांबून मारणारे आपणच की काय, असे दोघांच्याही मनात आले, पण ते एकमेकांना सांगितले पुष्कळ दिवसांनी.

घरी आल्यावर बाबांनी डाळीतून वायर काढली, पुसली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडच्या बापांना ते कुठे जमते? पण त्या रविवारी आई चहाचा कप घेऊन त्याच्या खोलीत गेली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. तो काही बोलला नाही, पण ‘जा’ही म्हणाला नाही. पडद्यावर छोटी छोटी माणसे डोक्याभोवती काहीतरी गरगर फिरवत होती. आई एकदम म्हणाली, “अरे, ही तर गोफण!”

त्याने मान वळवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. “गो... काय?”

आईचे माहेर सिन्नर तालुक्यातले. ज्वारी निसवली की शेतात माळा बांधायचा, त्यावर उभे राहायचे आणि गोफणीने पाखरे हाकलायची, हे तिने लहानपणी केलेले काम. दोरीच्या मधोमध दगड ठेवायला विणलेला भाग, एका टोकाचा फासा बोटात, दुसरे टोक चिमटीत. फिरवायचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. हे सगळे तिने त्याच्या मोजणीच्या फीतीने करून दाखवले. (टेबलावरचा दिवा फुटला, तो भाग सोडून देतो.)

मग त्याने तिला बॅलिआरिक बेटांतल्या गोफणवाल्यांची माहिती वाचून दाखवली. स्पेनच्या पूर्वेच्या बेटांवरचे हे लोक. तीन गोफणी बाळगत, एक डोक्याला बांधलेली, एक कमरेला, एक हातात. जुने लेखक सांगतात की तिथल्या आया भाकरी उंच खांबावर ठेवत आणि मुलाने ती गोफणीने पाडल्याशिवाय त्याला खायला देत नसत. आई म्हणाली, “बघ, आणि तू मला म्हणतोस कडक!” तो हसला. कार्थेजच्या हॅनिबलच्या सैन्यात हे लोक होते. त्या काळी गोफणीतून शिशाच्या गोळ्याही मारत, आणि ग्रीकांच्या काही गोळ्यांवर शब्द कोरलेला सापडतो: ‘घे!’ त्या दिवसापासून आमच्या घरात टीव्हीचा रिमोट, सफरचंद, गाडीची किल्ली, काहीही फेकताना ‘घे!’ म्हणायची पद्धत पडली. मराठीत. तेवढी एक ओळ परत आली.

तर गोफणवाले ही आईची आवडती पलटण ठरली. पुढे बाबाही येऊन बसू लागले, आधी दारात, मग पलंगाच्या कडेवर. त्यांनी निवडली ती ट्रिआरींची. रोमन सैन्याच्या रांगा वयाप्रमाणे असत. सर्वांत पुढे हलकी शस्त्रे घेतलेली कोवळी पोरे, मग तरुण हस्ताती, त्यांच्यामागे ऐन उमेदीतले प्रिंकिपेस आणि सर्वांत मागे वयस्क, अनुभवी ट्रिआरी. पॉलिबियसच्या हिशेबाप्रमाणे एका लिजनमध्ये हस्ताती १२००, प्रिंकिपेस १२००, पण ट्रिआरी फक्त ६००. लढाई सुरू झाली की हे लोक मागे बसून राहत. डावा पाय पुढे पसरलेला, ढाल खांद्याला टेकवलेली, भाला जमिनीत तिरका रोवलेला. पुढच्या दोन्ही रांगा हटल्या तरच त्यांनी उठायचे. म्हणून लॅटिनमध्ये म्हणच आहे, की गोष्ट ट्रिआरींवर आली, म्हणजे आता अगदी शेवटचा उपाय उरला.

बाबांना हे फार पटले. “बसून राहणे हेसुद्धा काम आहे,” ते म्हणाले. चिरंजीव म्हणाले, “पण बाबा, तुम्ही पहिल्याच मिनिटाला उठून धावता.” यावर आईने जोरात टाळी दिली. बाबांना राग यायला हवा होता, आला नाही.

आम्हा तिघांची मिळून आवडती पलटण मात्र वेगळी. इजिप्तमधले क्लेरुखोय. अलेक्झांडर इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये मेला, त्याचा सेनापती टॉलेमी इजिप्तचा राजा झाला. त्याला लढायला मॅसेडोनियाची माणसे हवी होती, आणि माणसे तर घरापासून शेकडो कोस दूर. म्हणून त्याने त्यांना नाइलकाठी जमिनीचे तुकडे दिले. त्या तुकड्याला क्लेरोस म्हणत. जमीन कसा, आणि बोलावले की भाला घेऊन या. म्हणजे आपल्याकडचे वतनच की! हे लोक तिथेच राहिले. तिथेच लग्ने केली, तिथेच मुले झाली, नातवंडे झाली. तरी पिढ्यान्‌पिढ्या कागदोपत्री त्यांच्या नावापुढे ‘मॅसेडोनियन’ असेच लिहिले जाई. गावोगावी त्यांनी व्यायामशाळा काढल्या. तिथे फक्त कसरत होत नसे. भेटीगाठी, उत्सव, वर्गण्या आणि आपली भाषा टिकवणे, हे सगळे तिथेच. आम्ही म्हटले, हे तर आपले मंडळ. निवडणुकीची भांडणेही नक्की होत असतील.

आणि जेव्हा मोठा प्रसंग आला, इसवी सनापूर्वी २१७ मध्ये राफियाच्या लढाईत, तेव्हा नुसते हे वतनदार आणि भाडोत्री सैनिक पुरले नाहीत. चौथ्या टॉलेमीला २०,००० स्थानिक इजिप्शियन लोकांना लांब भाले देऊन मॅसेडोनियन पद्धतीने उभे करावे लागले. तेव्हा कुठे लढाई जिंकली.

हे वाचून आम्ही हसत होतो, तोच चिरंजीव पडद्याकडे बघत सहज म्हणाले, “फनी काय आहे माहितीये? ह्यातल्या बहुतेकांनी मॅसेडोनिया कधी पाहिलेलाच नाही.”

तो टोमणा नव्हता. पण आम्ही दोघे गप्प झालो. सतरा वर्षांच्या मुलाने तोपर्यंत सिन्नर दोनदा पाहिले होते, एकदा तान्हा असताना आणि एकदा लग्नाच्या धावपळीत. ‘तू मराठी आहेस’ असे आम्ही त्याला उठता-बसता सांगत होतो, जसे तिथे कुणी कारकून नावापुढे ‘मॅसेडोनियन’ लिहीत होता. लिहिण्यापलीकडे आम्ही काय केले होते?

त्या आठवड्यात त्याने आपणहून आजीला फोन केला. गोफण कशी विणतात ते विचारायला. “आजी, तू गोफण कसा करतो?” असे त्याचे मराठी. तिकडून आजी ओरडली, “तिकडं काय पाखरं लई झाली का रं?” आणि मग तिने पाऊण तास गोफण सांगितली. तो किती समजला देव जाणे, पण फोन कानाला लावून बसला होता आणि कागदावर चित्रे काढत होता. आई दाराआडून ऐकत होती. तिने मधे पडून भाषांतर केले नाही, हे तिचे मोठेपण.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही गेलो. आजीने गोफण तयारच ठेवली होती. त्याने मारलेला पहिला दगड मागे गेला, दुसरा मामाच्या मोटारसायकलवर. तिसरा कुठे गेला ते कुणालाच कळले नाही. आजीने गोफण त्याच्या हातातून घेतली, पदर खोचला आणि एकाच दगडात बांधावरच्या बाभळीवरचे सगळे पक्षी उडवले. तेव्हा तिचे वय सत्तरच्या पुढे होते. तो बघतच राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, ही तर खेळातल्या सर्वांत वरच्या श्रेणीची आहे.

परतताना नाशिकला पांडवलेणी पाहिली. बाबा शाळेच्या सहलीला आले होते, त्यांना फक्त पायऱ्या आणि डब्यातली पुरी-भाजी आठवत होती. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती त्यात आहे, आणि ती लिहवून घेतली आहे त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. बाबांनी पुस्तकातून वाचून सांगितले की या राजाला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हटले आहे.

चिरंजीव ताडकन वळले. “शक म्हणजे साका? यवन म्हणजे ग्रीक? पल्हव म्हणजे पाहलावा?” हो. ही तिन्ही नावे त्याच्या खेळात होती, तीन राज्ये म्हणून. साका राउका, बॅक्ट्रियाचे ग्रीक आणि पाहलावा म्हणजे पार्थियन. त्याने ती तिन्ही खेळलेली होती. त्यांचे घोडेस्वार, त्यांचे धनुष्य, त्यांची नाणी सगळे पाठ. खेळाचा नकाशा पूर्वेला सिंधूच्या आसपास संपतो, त्यामुळे नाशिक त्यात नाही. आणि इथे, नकाशाबाहेर, भिंतीवर तीच नावे. अर्थात खेळ सुरू होतो त्याच्यानंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी ही माणसे इथे लढली, पण वंश तेच.

बाबांनी आणखी एक सांगितले. आजीच्याच तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी नहपान या शकांच्या क्षत्रपाची. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारला होता. जुना चेहरा पुसला नाही, वर आपले चिन्ह उमटवले. खाली नहपान दिसतोच.

पोरगा बराच वेळ भिंतीसमोर उभा होता. मग आईने त्या लेखातली आणखी एक गोष्ट सांगितली, की राजा आपल्या आईची अखंड सेवा करीत असे, असेही त्यात लिहिले आहे. तो म्हणाला, “आईनेच लिहिले ना? मग लिहिणारच!” आम्ही तिघेही लेण्यात मोठ्याने हसलो आणि रखवालदार येऊन रागावला.

असो. मुलगा काही इतिहासकार झाला नाही. पाण्याच्या पाइपलाइनी आखतो, दुसऱ्या गावी राहतो, त्याला आता एक मुलगी आहे. २०१४ साली त्या मॉडची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्याने रात्री फोन करून सांगितले, जणू घरात कुणी जन्मले. आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिची गोफण आमच्या दिवाणखान्यात खुंटीला आहे. पाहुणे विचारतात हे काय, तेव्हा तो घरी असेल तर तोच सांगतो, मराठीत. व्याकरण अजूनही ‘तू कसा करतो’ असेच. आम्ही आता दुरुस्त करत नाही.

२०१९ मध्ये बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आले तर हा शेजारी बसलेला. बाबा लगेच उठायची धडपड करू लागले, घरचे बिल, गाडीचा विमा, काय काय. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बाबा, गोष्ट अजून ट्रिआरींवर आलेली नाही. बसून राहा.” नर्सला वाटले औषधाचे नाव आहे. बाबा आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, हे आईने पाहिले, आणि आज त्यांच्या परवानगीने इथे लिहिले आहे.

वाचकहो, मुलांनी रात्रभर संगणकावर बसावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परीक्षा ती परीक्षाच. पण वायर काढण्याआधी एकदा खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, यातली तुझी आवडती पलटण कोणती, आणि का? उत्तर इंग्रजीत आले तरी चालेल. आमच्या घरी एवढे विचारायला तीन आठवड्यांचा अबोला आणि डाळीचा डबा लागला. तुमच्या घरी तेवढे लागू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

ता. क.: कुणाला गोफण विणायला शिकायची असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमात आईला भेटावे. दगड मिळणार नाहीत, कागदाचे बोळे मिळतील. हॉलच्या काचा भाड्याच्या आहेत.